जुन्या ॲम्बॅसेडर इस्टेटला सीट बेल्ट बसवायचे आहेत. मागच्या आसनाचे काय करावे?

गावभाग_सांगली

नमस्कार.

आमच्या घरी १९७४ सालची ॲम्बॅसेडर इस्टेट आहे. मागचे आसन दुमडले की मळ्यातला माल आणि आसन उभे केले की सगळे कुटुंब, अशी दोन्ही कामे एका गाडीत होतील म्हणून वडिलांनी साधी ॲम्बॅसेडर न घेता ही घेतली होती. १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळचेच आहे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखालीच आहे आणि पुढचे आसन एकसंध बाकड्यासारखे आहे. गाडी शोभेची म्हणून ठेवलेली नाही. आठवड्यातून एकदा तरी कोल्हापूर किंवा नृसिंहवाडीची फेरी होते आणि वर्षातून एक-दोनदा पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून खंबाटकी ओलांडून आम्ही पुण्यालाही जातो.

या गाडीला एकही पट्टा नाही. इतकी वर्षे ती उणीव मला जाणवली नाही, हे आज लिहितानाही वाईट वाटते. गेल्या हंगामात अंधार पडल्यावर उसाची एक ट्रॉली मागचा दिवा नसताना अचानक आडव्या रस्त्याने समोर आली आणि मला जोरात ब्रेक दाबावा लागला. गाडी थांबली, धडक झाली नाही, पण मागे बसलेला माझा सहा वर्षांचा नातू आसनावरून निसटून पुढच्या आसनाच्या पाठीवर आपटला आणि त्याचा ओठ फाटला. आमचा वेग तेव्हा चाळीसच्या आसपास होता. त्या दिवसापासून मुलांना या गाडीत बसवलेले नाही.

आता पट्टे बसवायचेच असे ठरवले आहे, परंतु जितक्या लोकांना विचारले तितकी मते ऐकायला मिळाली. एका दुकानदाराने फक्त कमरेवरून जाणारे दोन टोकांचे पट्टे दाखवले आणि जुन्या गाडीला एवढे पुरे असे सांगितले. एका ओळखीच्या माणसाने भंगारात निघालेल्या नव्या पद्धतीच्या गाडीचे चारही पट्टे, ते ज्यावर गुंडाळले जातात त्या रीळासकट, अगदी कमी पैशांत देतो म्हटले. पुढच्या आसनासाठी मधल्या पिलरला, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाला, काहीतरी करता येईल असे वाटते, पण मागच्या आसनाचे कोडे सुटत नाही, कारण साध्या ॲम्बॅसेडरमध्ये मागच्या आसनापाठी जो पत्र्याचा आडवा कप्पा असतो तो इस्टेटमध्ये नाहीच. आसनामागे थेट मोकळा फ्लोअर आणि मागचा दरवाजा आहे. खांद्यावरून येणारा पट्टा अडकवायचा कुठे?

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. २०१९ च्या महापुरात ही गाडी गावभागातल्या आमच्या घरी चार दिवस पाण्यात उभी होती आणि पाणी आसनांपर्यंत चढले होते. नंतर फ्लोअरला काही ठिकाणी ठिगळे लावून घेतली. दुसरे असे की गाडीला आता पन्नास वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी असा मुलाचा आग्रह आहे, आणि पट्ट्यांसाठी भोके पाडली तर तो मार्ग बंद होईल अशी त्याला भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_अभियंता_सातारा

काका, नमस्कार. नातू सुखरूप आहे हे वाचून बरे वाटले.

पट्टा कोणता घ्यावा हा प्रश्न नंतरचा आहे. मी आधी पत्र्याविषयी लिहितो, कारण चांगल्यातला चांगला पट्टा सडलेल्या पत्र्याला बांधला तर धडकेच्या क्षणी तो पत्र्याचा तुकडा सोबत घेऊन माणसाच्या मागोमाग पुढे जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाला बसणारा तडाखा साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. युरोपीय नियमावलीत मोटारीच्या पट्ट्यांच्या बैठकीची जी ओढ-चाचणी घेतात, तिच्यात खांद्याच्या भागावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या भागावर पुन्हा १३,५०० न्यूटन इतका ताण देतात. दोन्ही मिळून ही ओढ सुमारे पावणेतीन टन वजनाइतकी होते, आणि तीही एका माणसाच्या आसनामागे. पुराच्या पाण्यात राहिलेला आणि ठिगळे लावलेला फ्लोअर ही ओढ पेलेल का, याचे उत्तर कार्पेट आणि डांबरी थर काढून पत्रा उघडा केल्याशिवाय कोणालाही देता येणार नाही. म्हणून पहिले काम ते करा.

पुढच्या आसनासाठी आपले काम तुलनेने सोपे आहे. आपल्याकडे १९९४ पासून नव्या मोटारींना पुढच्या दोन आसनांसाठी पट्टे देणे उत्पादकाला बंधनकारक झाले, आणि ॲम्बॅसेडर तर २०१४ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे त्या नंतरच्या वीस वर्षांतल्या गाड्यांना कारखान्यातूनच पुढचे पट्टे आलेले आहेत. सांगली-मिरजेत अशी एखादी उशिराची ॲम्बॅसेडर अजून नक्की सापडेल. तिच्या मालकाची परवानगी घेऊन मधल्या पिलरवर वरचा बोल्ट किती उंचीवर आहे, खाली रीळ कुठे बसवले आहे, बकल आसनाच्या कोणत्या बाजूने आणि फ्लोअरच्या कोणत्या भागातून वर आले आहे, याची मापे आणि छायाचित्रे घ्या. इस्टेट आणि साधी गाडी यांतला मुख्य फरक मागच्या अर्ध्या भागात असल्यामुळे ही मापे आपल्याला मोठा आधार देतील, मात्र आपल्या गाडीवर ती प्रत्यक्ष पडताळूनच पुढे जा. वरचा बोल्ट बसणाऱ्याच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर असावा. तो खांद्याच्या बराच खाली गेला तर धडकेत पट्टा खांद्याला खाली दाबतो आणि तो दाब कण्यावर येतो. कमरेचा भाग बाजूने पाहिल्यास आडव्या रेषेशी साधारण ४५ ते ७० अंशांचा कोन करून खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पोटावर न सरकता ओटीपोटाखालच्या हाडांवर टिकतो.

पुढच्या आसनाला फक्त कमरेचा पट्टा लावण्याचा सल्ला कृपया मानू नका. आपल्या गाडीची स्टिअरिंगची दांडी अखंड लोखंडी आहे. आजच्या गाड्यांतली दांडी धडकेत आत मिटते, तशी ही मिटत नाही. डॅशबोर्डही पत्र्याचा आहे. कमर बांधलेली आणि छाती मोकळी असेल तर शरीर कमरेत दुमडून डोके नेमके त्या दोन गोष्टींकडे जाते. निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा तयार केला तो याच कारणाने. त्या कंपनीने त्याचे पेटंट इतर सर्व उत्पादकांना खुले करून दिले, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

बोल्टबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे चूक फार होते. पट्ट्यांचे बोल्ट बहुतेक सर्व गाड्यांत ७/१६ इंचाचे, इंचाला २० आटे असलेले यूएनएफ प्रकारचे असतात. दुकानात बारा एमएमचा बोल्ट ‘जवळपास तोच’ म्हणून हातात ठेवतात; तो पान्याने रेटून बसवू नका, आटे मरतात. साधा मऊ बोल्टही चालणार नाही, हायटेन्साइलच हवा. पट्ट्याच्या टोकाच्या ज्या लोखंडी पट्टीला ओढीप्रमाणे फिरावे लागते तिथे खांदा असलेला बोल्ट वापरा, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळूनही पट्टी मोकळी फिरते. बोल्टच्या पाठीमागे साधा वॉशर लावून भागत नाही. मोटर-शर्यतींच्या नियमावलीत पाठीमागच्या आधारपट्टीचे किमान माप ४० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ आणि ३ मिलिमीटर जाडी असे दिले आहे; ८ बाय ५ सेंटीमीटरहून किंचित मोठी, कोपरे गोल केलेली पट्टी घेतली की ते साधते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अशा पट्ट्या कापून, त्यांवर नट जोडून देणारी वर्कशॉप आहेत. पट्टी नेहमी ओढीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे फ्लोअरच्या खालून बसवावी, म्हणजे ओढ बसताच ती पत्र्यावर अधिकच घट्ट दाबली जाते. पट्टा आसनाच्या सांगाड्याला किंवा रुळांना बांधू नका. जुन्या आसनाचे रूळ एवढ्या ओढीसाठी केलेले नाहीत. भोक पाडण्याआधी खालून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायरी कुठून जातात ते डोळ्यांनी पाहून घ्या.

भंगारातले पट्टे घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो. ती गाडी भंगारात अपघातामुळे गेली असेल तर पट्ट्याने एकदा ताण खाल्लेला असतो, आणि ताण खाल्लेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. ती पुरात बुडालेली असेल, आणि आपल्या भागात २०१९ नंतर व २०२१ नंतर अशा कितीतरी गाड्या मोडीत गेल्या, तर रीळाच्या दातऱ्यांत नदीचा गाळ बसलेला असतो. हाताने ओढून पाहताना तो पट्टा ठीक वाटतो आणि वेळेला अडकत नाही. शिवाय नव्या पद्धतीच्या गाड्यांच्या रीळात धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट ओढणारा, स्फोटक भरलेला ताणक असतो. तो आपल्या गाडीत कशालाही जोडला जाणार नाही, आणि काढताना-बसवताना उडाला तर हाताला इजा करील. आपल्याला साधे, आपोआप गुंडाळणारे आणि झटक्याने अडकणारे नवे रीळच हवे.

रीळाविषयी शेवटचे. त्याच्या आत एक लहान गोळी किंवा लोलक असतो आणि गाडीचा वेग एकदम घटला की तो कलंडून रीळ अडकवतो. नियमाप्रमाणे असे रीळ १२ अंशांपर्यंतच्या कलण्याला अडकू नये आणि २७ अंशांच्या पुढे अडकलेच पाहिजे. याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रत्येक रीळ ठरावीक कोनात उभे राहण्यासाठी केलेले असते. पिलरच्या उताराप्रमाणे ते जरा जास्त तिरके बसले की पट्टा बाहेरच येत नाही आणि लोक रीळ खराब आहे असे समजतात. भोक पाडण्यापूर्वी रीळ हातात त्या जागी धरून पट्टा सावकाश ओढून पाहा. खरेदी करतानाच आपल्या पिलरचा कोन मोजून घेऊन जा.

मागच्या आसनाबद्दल मिरजेचे पत्राकाम करणारे सदस्य माझ्यापेक्षा अधिकाराने सांगतील. माझे मत एवढेच की खांद्याचा पट्टा मागच्या फ्लोअरवरून आसनाच्या पाठीवरून पुढे आणू नये. ती पाठ दुमडणारी आहे, आणि पट्ट्याची ओढ तिलाच मोडील.

गावभाग_सांगली

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आसनाच्या पाठीबद्दल आपण लिहिले ते वाचून गाडीकडे जाऊन पाहिले. पाठ उभी राहते ती दोन्ही बाजूंच्या लहान कड्यांच्या जोरावर, आणि त्यांतली एक कडी झिजलेली असून हाताने जोर लावला तरी सुटते. म्हणजे मागे ठेवलेली दुधाची कॅन किंवा गव्हाचे पोते ब्रेकसरशी पाठीसकट मुलांच्या अंगावर आले असते. मिरजेच्या सदस्यांना विनंती की मागच्या पिलरबद्दल लिहावे. आणि फ्लोअर तपासायचा तो नेमका कसा, हेही सांगावे.

मिरज_पत्राकाम

रामराम काका. माझे गॅरेज मिरजेत आहे आणि पंचवीस वर्षे मी डेंटिंग-वेल्डिंगच करतो. एका इस्टेटला मागचे पट्टे बसवून दिलेले आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

आधी फ्लोअर. पुरानंतर त्या दोन महिन्यांत आमच्या भागात इतकी कामे एकदम आली की पुष्कळ ठिकाणी पत्रा कापून नवा न जोडता वरून पातळ ठिगळ रिबिटने ठोकले गेले आणि त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला गेला. दिसायला ते छान दिसते. आपण एक साधे लोहचुंबक घ्या आणि फ्लोअरवर, सिलवर (दारांखालच्या पोकळ पट्टीवर) आणि मधल्या पिलरच्या पायथ्याशी फिरवा. जिथे ते धरत नाही किंवा हलकेच धरते तिथे खाली लांबी आहे, पत्रा नाही. मग गाडी उचलून खालून जुन्या पेचकसाने टोचत जा. टोक आत गेले तर तो भाग कापायचा, त्याला दुसरा इलाज नाही. पिलरचा पायथा आणि सिल जिथे मिळतात तो सांधा सर्वांत आधी पाहा, कारण पुराचे पाणी पोकळ सिलमध्ये शिरले की गाळासकट तिथेच राहते आणि पत्रा आतून खाते, बाहेर रंग तसाच असतो. पुढच्या पट्ट्याचे खालचे टोक नेमके त्याच ठिकाणी येणार आहे.

आता मागचा पिलर. मागच्या दरवाजाच्या पाठीमागे, मालाच्या भागाची काच सुरू होण्याआधी जो पिलर वर छताकडे जातो, तो दोन पत्रे मिळून केलेला पोकळ डबा आहे. आतले रेक्झिन आणि पुठ्ठा काढल्यावर हात घालायला एखादी फट मिळते. मिळालीच तर आधारपट्टी वाकवून आत सरकवावी आणि भोकासमोर धरून बोल्ट लावावा. मी केलेल्या गाडीत फट पुरेशी नव्हती, म्हणून आतल्या पत्र्यात खिडकी कापून पट्टी आत बसवली आणि कापलेला तुकडा परत जोडला. वरचा बोल्ट तिथे, रीळ खाली चाकाच्या कमानीला आणि बकल आसनाच्या मागच्या बाजूने फ्लोअरमधून, अशी ती मांडणी होती. चाकाच्या कमानीचा पत्रा चिखल खाऊन खाऊन पातळ झालेला असतो, तेव्हा तिथेही खालून पट्टी हवीच, आणि ती टायरला लागत नाही हे गाडीत माल भरून, मागच्या स्प्रिंगचे पाटे दबलेले असताना पाहून घ्यावे.

सातारच्या साहेबांच्या एका मुद्द्याशी मात्र माझा थोडा मतभेद आहे. फ्लोअरला पट्टी नुसत्या बोल्टने धरली तर चालते, हे मला मान्य आहे. मागच्या पिलरमध्ये मात्र मी पट्टी वेल्डिंगने जोडतोच, कारण तिथला पत्रा अरुंद आहे, तिरकी ओढ बसली की मोकळी पट्टी फिरते आणि तिचा कोपरा पत्रा फाडतो. वेल्डिंग सीओटूचेच, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणारे विजेचेच, असावे आणि थोडे थोडे टाके थांबून थांबून घ्यावेत. गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचा वीतभर पत्रा लाल होतो आणि मग तो पहिल्यासारखा राहत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवा, आणि काम झाल्यावर पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल फवारून घ्या. हा शेवटचा खर्च लोक वाचवतात आणि तीन वर्षांत पट्टीभोवती गंज धरतो.

मधल्या तिसऱ्या माणसासाठी खांद्याचा पट्टा या गाडीत देता येणार नाही. छताला बोल्ट लावून देतो असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. छताचा पत्रा एवढ्या ओढीला कागदासारखा आहे. आसनाच्या पाठीच्या कड्या बदलून जाड पट्टीच्या, आतून आधार दिलेल्या नव्या करून घ्या, त्या कामाला अर्धा दिवस पुरतो. मालाच्या भागासाठी लोखंडी जाळीही करून देता येते.

आणि एक हात जोडून विनंती आहे. इस्टेट म्हटली की लग्नाला-जत्रेला जाताना मुलांना मागे मालाच्या जागेत गादी टाकून बसवतात. पट्टे बसले तरी ती सवय राहिली तर केलेल्या कामाचा त्या मुलांना काही उपयोग नाही.

अस्थिरोग_मिरज

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. पट्ट्याच्या यांत्रिक बाजूवर वर फार उत्तम लिहिले गेले आहे. मी फक्त शरीराविषयी थोडे सांगतो.

केवळ कमरेचा पट्टा असलेल्या माणसाला समोरून धडक बसली की वरचे शरीर पट्ट्यावरून पुढे घडी पडल्यासारखे दुमडते. पट्टा हाडांवरून सरकून पोटावर आला असेल तर आतडी आणि कमरेचा मणका यांच्यावर त्याचा आघात होतो. मणक्याचा असा आडवा तुटणारा अस्थिभंग १९४८ साली चान्स या डॉक्टरांनी वर्णिला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तरीही पट्टाच नसलेला माणूस गाडीबाहेर फेकला जाण्यापेक्षा कमरेचा पट्टा निश्चितच बरा. म्हणून मधल्या जागेवर कोणी बसणे अगदीच अटळ असेल तर तिथे कमरेचा पट्टा लावावा आणि प्रौढ माणसाने बसावे. मुलाला तिथे बसवू नये.

लहान मुलांच्या कमरेच्या हाडांचे उंचवटे पूर्ण वाढलेले नसतात, त्यामुळे मोठ्यांचा पट्टा त्यांच्या पोटावर चढतो आणि खांद्याचा भाग मानेला घासतो. मानेला त्रास होतो म्हणून मूल तो काखेखाली घेते, आणि तसे घेतलेला पट्टा धडकेत बरगड्यांना आणि पोटातल्या अवयवांना इजा करतो. मुलाची उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत खाली उंचवट्याची बाल-आसनी, म्हणजे बूस्टर, द्यावी, आणि ती खांद्याचा पट्टा असलेल्या बाजूच्या जागेवरच वापरावी. घरातली उशी किंवा गादीची घडी हा त्याला पर्याय नाही, कारण ती दबते आणि मूल पट्ट्याखालून निसटते. लहान बाळ मांडीवर धरून बसण्याची आपल्याकडची रीत प्रेमाची आहे हे खरे, पण दहा किलोचे बाळ धडकेत कित्येक पटींनी जड होते आणि कोणत्याही आईबापाच्या हातांना ते धरून ठेवता येत नाही.

वाहन_कायदा_सातारा

नोंदणीचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, परंतु त्याच कलमात फेरफार म्हणजे वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतला बदल, असे स्पष्टीकरण दिलेले आहे. इंजिन, इंधन किंवा आसनसंख्या न बदलता सुरक्षेसाठी पट्टे बसवणे त्यात मोडत नाही असे माझे मत आहे. तरीही काम करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात साधा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी असा कागद फार उपयोगी पडतो. आपल्या गाडीला मुळात पट्टे नव्हते म्हणून दंड होतो की नाही हा वाद घालण्यात अर्थ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब मध्ये पट्टा न लावल्यास आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बाल-आसनाने सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि आपला हेतू दंड टाळण्यापेक्षा फार मोठा आहे.

व्हिंटेजबद्दल मात्र मुलाशी नीट बोला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा ठरावीक कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. आठवड्याला कोल्हापूर आणि वर्षाला पुणे असा आपला वापर आहे. तो चालू ठेवायचा असेल तर व्हिंटेज नोंदणी आपल्या उपयोगाची नाही, आणि मग भोकांची भीतीही उरत नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून साधी नोंदणीच पुढे चालवा. पुढेमागे विचार बदलला तर दाखवता यावे म्हणून कामाआधीची व नंतरची छायाचित्रे तारखेसह ठेवा आणि मूळ पत्रा शक्य तितका न कापता काम करून घ्या.

गावभाग_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काही हाती लागल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

कार्पेट काढून चुंबक फिरवले. चालकाच्या बाजूचा फ्लोअर चांगला निघाला, परंतु डाव्या बाजूला मधल्या पिलरच्या पायथ्याशी चुंबक खाली पडले. खालून पेचकस लावताच लांबीचा तळहाताएवढा तुकडा निघून आला आणि त्यामागून पुराचा वाळलेला गाळ फ्लोअरवर सांडला. सात वर्षे माझी पत्नी त्याच जागेवर बसून प्रवास करीत होती. तो गाळ हातात घेऊन मी बराच वेळ तिथे बसून राहिलो.

मिरजेच्या गॅरेजमध्ये गाडी नेली आहे. डाव्या सिलचा दीड फूट भाग आणि पिलरचा पायथा कापून नवा पत्रा जोडायचा, पुढे दोन आणि मागे बाजूंना दोन असे नवे तीन टोकांचे पट्टे, मागच्या पाठीच्या कड्या आणि जाळी, असे काम ठरले. एका परिचितांच्या २००४ सालच्या ॲम्बॅसेडरवरून मधल्या पिलरची मापे घेतली. आमच्या गाडीवर वरचे माप जवळजवळ तंतोतंत जुळले. मागच्या पिलरला हात जाईल एवढी फट मिळाली नाही, म्हणून खिडकी कापावी लागेल. मुलाला नियम वाचून दाखवले, तेव्हा गाडी प्रदर्शनात उभी करण्यापेक्षा आजोबांसारखी वापरलेली त्यालाही आवडेल असे तो म्हणाला. पुढे आणि मागे, दोन्हीकडे मधली जागा रिकामी ठेवायची आणि गाडीत चारच माणसे बसायची, हे घरात सर्वांना सांगितले आहे. पुतण्याने कुरकुर केली, पण त्याला दुसऱ्या गाडीतून यावे लागेल.

रीळाचा कोन मोजून घेतला आहे आणि दुकानात रीळ हातात धरून पाहिल्यावरच खरेदी केली. काम पूर्ण झाले की मोकळ्या मैदानावर गाडी ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने नेऊन ब्रेक मारायचा आणि चारही पट्टे अडकतात का हे एकेक करून पाहायचे, असे मेस्त्रींनी सांगितले आहे. नातवाची उंची ११६ सेंटीमीटर भरली, धाकटीची ९८. थोरल्यासाठी बूस्टर आणि धाकटीसाठी स्वतःचे पट्टे असलेली बाल-आसनी घ्यायची आहे. या गाडीचे मागचे आसन सपाट आणि बरेच खोल आहे, त्यावर कोणत्या आकाराची बाल-आसनी न डुलता बसते, याचा अनुभव कोणाकडे असेल तर कृपया कळवावा.